बाहेर दिसतं तेवढंच आत लोंबतं

मंडळी, आधी एक कबुली देतो. मी पहिल्यांदा बुलेटचं इंजिन उघडून परत भरलं, म्हणजे जोडलं, तेव्हा तेल गळू नये म्हणून जोडांवर सिलिकॉन पेस्टची अख्खी ट्यूब संपवली होती. जुनी कास्ट आयर्नची, ३४६ सीसीची गाडी. टायमिंग कव्हर, म्हणजे इंजिनाच्या बाजूचं गिअरवरचं झाकण, आवळलं, तसा कडेकडेने काळा गोफ बाहेर आला. तो बोटाने पुसून टाकला आणि मी खूश. तेलाचा थेंब गळला नाही. दीड महिन्याने खालून ठकठक सुरू झाली. इंजिन पुन्हा उतरवलं, तर तेलाच्या भोकात शेवईसारखा रबराचा तुकडा अडकलेला.

हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी हे केलेलं असणार.

झालं काय, ते बघा. या इंजिनात फीड पंपाने ढकललेलं तेल टायमिंग कव्हरमधल्या वाटेने क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, टोकात शिरतं आणि तिथून बिगएंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो त्या सांध्याला, पोचतं. बिगएंडला रोलर नाहीत, फ्लोटिंग बुश, म्हणजे मोकळी फिरणारी धातूची कडी, आहे. रोलर थोडा दुष्काळ सोसतो. बुश तेलाच्या पापुद्र्यावरच तरंगत असतो, त्याला उपास चालत नाही. पेस्ट दाबली की ती दोन्हीकडे पळते. बाहेर जेवढा गोफ दिसतो, साधारण तेवढाच आत लोंबत असतो. बाहेरचा आपण पुसतो. आतला कोण पुसणार? तो तेलाने फुगतो, सुटतो आणि बरोबर नको तिथे जाऊन बसतो.

आपल्याकडे गॅस्केटला सगळे पॅकिंगच म्हणतात, मीही तेच म्हणेन. पॅकिंगचं काम काय? दोन धातूंमधले बारीक उंचसखल भाग भरून काढायचे. कागदी पॅकिंग दाबलं गेलं की हे काम चोख करतं, पण त्यासाठी दोन्ही तोंडं सपाट हवीत. आपण काय करतो? जुनं पॅकिंग स्क्रूड्रायव्हरने खरवडतो, ॲल्युमिनियमवर नखभर खोल चर पाडतो आणि मग तो चर बुजवायला पेस्ट शोधतो. दुसरी जागा म्हणजे बोल्टची भोकं. वर्षानुवर्षं आवळून भोकाच्या तोंडाशी धातू वर उचलला जातो, बारीक ओठ तयार होतो. कव्हर त्या ओठांवरच टेकतं आणि दोन बोल्टांच्या मधे फट राहते. मोठा ड्रिल बिट हातात धरून भोकाच्या तोंडाशी हलकेच दोन वेढे फिरवा, ओठ जातो. नंतर जाड काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून कव्हर घासा. चकाकी सगळीकडे सारखी आली, की कागदी पॅकिंगला नुसतं ग्रीसचं बोट पुरतं. ग्रीसचा दुसरा फायदा, पुढच्या वेळी पॅकिंग न फाटता निघतं.

मग पेस्ट लागतच नाही का? लागते. बुलेटच्या चेंबरचे, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या खालच्या पेटीचे, दोन भाग जोडताना मधे पॅकिंगच नसतं, तिथे पेस्टवरच भिस्त. यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० चंही तसंच, आणि तिथे तर जास्त जपायला हवं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण वर ढकलणारा पंप म्हणजे चेंबरच. जोड गळका असेल तर तेल बाहेर पडायच्या आधी हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, रेस आपोआप चढते आणि एके दिवशी घाटात पिस्टन जाम. खाली डाग पडलेला नाही म्हणून गाडी ठणठणीत, असं या गाडीच्या बाबतीत समजू नका.

पेस्ट कुठली? जुन्या उस्तादांचं शेलॅक उत्तम होतं. ती आपली लाखच, बांगड्यांची. स्पिरिटने पुसली की विरघळते, म्हणून साफ करणं सोपं. पण आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. तेव्हा पेट्रोल लागेल अशा जोडावर शेलॅक नको. कार्बोरेटरच्या बाजूला सिलिकॉनही नको, पेट्रोलने ते फुगतं. चेंबरला न सुकणारी, चिकट राहणारी पेस्ट मला आवडते. ती एकाच तोंडावर, बोटाने, इतकी पातळ लावायची की खालचा धातू दिसला पाहिजे. सिलिकॉनच वापरणार असाल तर आंबूस, व्हिनेगरसारख्या वासाचं टाळा, आणि भरल्यावर एक रात्र गाडीला हात लावू नका. ते हवेतल्या ओलाव्याने पिकतं, तुमच्या घाईने नाही.

हेड पॅकिंगला, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरच्या हेडच्या मधल्या पॅकिंगला, काहीही लावू नका. तांब्याचं असेल तर लालबुंद तापवून पाण्यात टाका, मऊ होतं. बस.

आता ज्याने सगळ्यांना छळलंय तो प्रश्न. सगळं नीट करूनही गळतं, मग काय? इंजिनाची श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, बघा. पिस्टन खाली येतो तेव्हा तेवढीच हवा चेंबरमध्ये दाबली जाते. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा. ती बाहेर सोडायला रबराची चपटी चोच असते, बदकासारखी. ती कडक झाली किंवा चिखलाने बुजली, की दाब वाट शोधतो आणि सगळ्यात कच्च्या पॅकिंगमधून तेल घेऊन बाहेर येतो. माझ्याकडे एक गाडी आली होती, तीन ठिकाणी तीन रंगांच्या पेस्टने लिंपलेली. चोच बदलली, दोन जागा सुकल्या.

तिसरी होती प्रायमरी कव्हरची, म्हणजे इंजिन ते क्लचच्या चेनवरच्या झाकणाची. ते अख्खं कव्हर मधल्या एका नटवर असतं आणि कडेला रबरी सील. गळतं म्हणून माणूस नट आणखी आवळतो, कव्हर मधे खचतं, कडा उचलल्या जातात, आणखी गळतं. असंच एक कव्हर इथे टेबलावर ठेवलंय. काचेवर पालथं घाला, कडेखाली पोस्टकार्ड सरकवून बघा आणि कुठे शिरतं ते मला सांगा.