मॅकलमोर अव्हेन्यूवरची जुनी टॉकीज

हल्ली जो भेटतो तो म्हणतो राजकारणात काही राम राहिला नाही, काही बदलणार नाही. मला अशा वेळी स्टॅक्स या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची जुनी सोल गाणी, म्हणजे काळ्या लोकांच्या संगीतातून आलेली गाणी, आठवतात, आणि गाण्यांपेक्षाही ती जिथं तयार झाली ती जागा.

अमेरिकेतलं मेम्फिस. जिम स्ट्यूअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन, दोघंही गोरे, यांनी १९६० ला मॅकलमोर अव्हेन्यूवरची बंद पडलेली टॉकीज भाड्यानं घेतली आणि तिथं स्टुडिओ टाकला. थेटरातला उतार तसाच राहिला, आणि स्टॅक्सचा तो घुमणारा आवाज त्या उतारामुळंही आहे बरं का. पुढं जिथं खाण्याचं काउंटर होतं तिथं एस्टेलनं रेकॉर्डचं दुकान काढलं, आजूबाजूची काळी पोरं यायची, ही त्यांना गाणी ऐकवायची, कसं वाटलं ते विचारायची, आणि त्यातलीच काही पोरं हळूहळू आत जाऊन वाजवायला लागली. बुकर टी. जोन्स तर शाळेतच होता तेव्हा! ड्रमवर अल जॅक्सन, हे दोघं काळे, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, नंतर बेसवर डक डन, हे गोरे. बाहेर शहर रंगानुसार वाटलेलं आणि आत हे सगळे ओटिस रेडिंग या काळ्या गायकाला साथ देतायत. नागरी हक्कांचा कायदा १९६४ ला आला, यांचं एकत्र वाजवणं त्याच्या आधीच सुरू झालं होतं.

शहरात काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसायच्या जागा मात्र कमी, म्हणून ही मंडळी लॉरेन मोटेलवर जमायची. क्रॉपर आणि गायक एडी फ्लॉइडनं 'नॉक ऑन वुड' हे गाणं तिथल्याच एका खोलीत लिहिलं. आणि त्याच मोटेलच्या बाल्कनीत ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली. किंग आले होते कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपासाठी. दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते, मग सुमारे १३०० जण संपावर गेले, हातात पाट्या: 'मी माणूस आहे'. किंग गेल्यावर बाराव्या दिवशी संप मिटला आणि युनियनला मान्यता मिळाली.

स्टॅक्समधला जुना मोकळेपणा त्यानंतर आटला, हे खरंय. पण २० ऑगस्ट १९७२ ला याच कंपनीनं लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये वॉट्सस्टॅक्स नावाचा गाण्यांचा मोठा जलसा केला. १९६५ ला तिथल्या वॉट्स वस्तीत उद्रेक होऊन ३४ माणसं मेली होती, त्याची आठवण म्हणून. तिकीट एक डॉलर, माणसं लाखभर! किंगना गोळी लागली तेव्हा मोटेलच्या आवारात असलेले नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन स्टेजवरून म्हणतात, मी गरीब असेन, पण मी कुणीतरी आहे, आणि गर्दी ते परत म्हणते, जलशात शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी उचलतात ना, तसं. त्याच १९७२ मध्ये आपल्याकडे मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं ते तिकडच्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच.

वॉट्सस्टॅक्सची फिल्म आहे, जरूर बघा, आणि बघताना स्टेजइतकंच गर्दीकडंही बघा, कारण सात वर्षांपूर्वी ज्यांच्या गल्ल्या जळाल्या त्यातली कितीतरी माणसं तिथं नटूनथटून, पोरंबाळं घेऊन आलीयत.