राउटरची दुसरी किल्ली

(दृश्य: उलटा धरलेला राउटर. कॅमेरा तळाच्या लेबलाजवळ जातो.)

राउटरच्या तळाला एक लेबल असतं. त्यावर वाय-फायचं नाव असतं, वाय-फायचा पासवर्ड असतो आणि बऱ्याचदा त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक पासवर्ड. पहिला पासवर्ड घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितला जातो. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्यासाठी असतो आणि तो बहुतेक घरांत कुणी कधी टाइपच केलेला नसतो. कित्येक मॉडेलांवर वर्षानुवर्षं तो एकच होता. नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन.

२०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने नेमका याचाच फायदा घेतला. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या घेऊन तो इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे आणि राउटर ठोठावत फिरला. जे उघडले, ते त्याचे झाले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा ताब्यात घेतलेल्या उपकरणांनी डाइन (Dyn) या कंपनीच्या डीएनएस सेवेवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर, मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना तासन्‌तास उघडेनात.

(दृश्य: मोबाइलवर उघडलेलं वेबपान. त्यातून एक रेषा घरातल्या राउटरकडे जाते.)

राउटर बाहेरून दिसत नसला, तरी धोका टळत नाही. तुम्ही उघडलेलं एखादं खोडसाळ वेबपान तुमच्याच ब्राउझरकडून राउटरला निरोप धाडू शकतं. म्हणजे हल्ला घराच्या आतून होतो. पासवर्ड जुनाच असेल आणि राउटर अशा निरोपांना अडवत नसेल, तर डीएनएसचा पत्ता बदलला जातो. मग साइटचं नाव बरोबर टाइप करूनही भलत्याच सर्व्हरवर पोहोचायची वेळ येते, तीही घरातल्या प्रत्येक फोनवर.

(दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन.)

तो दुसरा पासवर्ड बदलण्यासाठी आधी राउटरचा पत्ता शोधू. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या आणि 'डीफॉल्ट गेटवे'समोरचा आकडा पाहा. आयफोनमध्ये वाय-फायच्या तपशिलात तो 'राउटर' या नावाखाली दिसतो, अँड्रॉइडमध्ये बहुधा 'गेटवे' म्हणून. १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हे नेहमीचे पत्ते, पण गृहीत धरू नका.

हा आकडा ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये टाका. सर्च केलंत तर राउटर लॉगिनच्या नावाने भलतीच पानं समोर येतात, आणि त्यांत पासवर्ड टाकणं म्हणजे किल्ली परक्याच्या हाती देणं. एकच्या जागी इंग्रजी एल किंवा शून्याच्या जागी ओ पडला, तरी ब्राउझर सर्चकडेच वळतो. पान उघडत नसेल तर मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करून पाहा. 'सुरक्षित नाही' अशी सूचना आली तर घाबरू नका. बरेच राउटर घरातल्या घरात साध्या एचटीटीपीवरच, म्हणजे मजकूर सांकेतिक न करता, बोलतात. म्हणूनच हे काम शक्यतो केबल लावून करावं.

आत गेल्यावर 'सिस्टम', 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' किंवा 'मॅनेजमेंट' यांपैकी एका मेनूत पासवर्ड बदलण्याची जागा सापडेल. वाय-फायच्या पानावरचा पासवर्ड वेगळा आहे. तो बदलून काम झालं असं समजणं, ही इथली सर्वांत मोठी चूक.

नवा पासवर्ड १५-१६ अक्षरांचा ठेवा, वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा, आणि लगेच लिहून किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये साठवून ठेवा. काही जुने राउटर ठरावीक मर्यादेपुढची अक्षरं न सांगता कापून टाकतात. त्यामुळे सेव्ह केल्यावर लॉगआउट करून नव्या पासवर्डने पुन्हा आत जाऊन पाहा.

(दृश्य: सेटिंगची पानं एकामागून एक.)

आत आहात तोवर 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे घराबाहेरून सेटिंग उघडू देणारी सोय, बंद करा. डीएनएसच्या रकान्यात अनोळखी पत्ता दिसला, तर तो इंटरनेट कंपनीकडून खात्री करून घ्या. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वाय-फाय जोडायची सोय, हीही बंद करा. त्याचा पिन आठ अंकी दिसतो, पण शेवटचा अंक पडताळणीचा असतो आणि उरलेले दोन तुकड्यांत तपासले जातात, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या प्रोग्रामचं, अपडेट आलं असेल तर करून घ्या. ते चालू असताना वीज तोडू नका.

(दृश्य: राउटरच्या मागचं बारीक छिद्र, हातात पेपर क्लिप.)

पासवर्ड विसरलात, तर हे रिसेटचं छिद्र आहे. पेपर क्लिपने आतलं बटण दहाएक सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातल्या स्थितीत येतो. मात्र त्याबरोबर इंटरनेट कंपनीने जोडणीसाठी दिलेलं लॉगिन (पीपीपीओई) नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन नावाचा जोडणीचा क्रमांकही पुसला जाऊ शकतो. बटण दाबण्याआधी हे तपशील कंपनीकडून मागून घ्या, नाहीतर दिवे लागलेले दिसतील आणि इंटरनेट मात्र येणार नाही. रिसेट झाल्यावर लेबलावरचा जुना पासवर्ड पुन्हा लागू होतो, तेव्हा तो पहिल्याच लॉगिनला बदला.