दर्याचो न्हय, न्हयचो

नमस्कार मंडळी. पोर्टलंडमध्ये आत्ता पाऊस पडतोय, म्हणजे नवीन काहीच नाही. आज मी माशाबद्दल बोलणार आहे. शाकाहारी श्रोत्यांनी रेडिओ बंद करू नये. आजच्या गोष्टीत गळाला लागलेला मासा शेवटपर्यंत कोणी खात नाही.

रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड. दुकानात पाट्या दोन, भाव दोन, पण जात एकच. पुन्हा सांगते, जात एकच. दोघंही नदीच्या खडीत जन्मतात. एक आयुष्यभर नदीतच राहतो, तो रेनबो ट्राउट. दुसरा एक-दोन-तीन वर्षांचा झाला की अंगावरचे लहानपणचे पट्टे पुसून चांदीसारखा होतो, पॅसिफिक गाठतो, तिथे खाऊन दांडगा होतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. तो स्टीलहेड. एक भाऊ मुंबईला गेला, एक गावात शेतीवर राहिला, तसंच हे. समुद्रावर जाणाऱ्यांत माद्या जास्त असतात. मादी जितकी मोठी, तितकी तिची अंडी जास्त. नराचं लहान राहूनही भागतं. यावर आमच्या घरात बरीच चर्चा होते, पण ते असो.

समुद्रावरून नुकताच आलेला, 30 इंची, लखलखीत स्टीलहेड तुम्हीसुद्धा ओळखाल. भांडणं होतात ती मधल्या मापाच्या माशावरून. असंच एक भांडण मी स्वतः पाहिलंय.

माझे सासरे, अण्णा, मालवणचे. काही वर्षांपूर्वी ते आमच्याकडे आले होते. शेजारचे आजोबा गळ टाकण्याच्या नादातले. सप्टेंबरातल्या एका शनिवारी ते आम्हाला डेशूट्स नदीवर घेऊन गेले, मॉपिन गावाजवळ. इथून दोनेक तासांचा रस्ता. त्या नदीवर होडीतून गळ टाकायला बंदी आहे; माणसाने काठावर नाहीतर पाण्यात पाय रोवून उभं राहायचं. अण्णांना ते फार पटलं. "होडयेत बसान कोणय मारीत," म्हणाले.

अकराच्या सुमाराला आजोबांच्या गळाला मासा लागला. त्यांनी तो जाळीत घेतला, पण जाळी पाण्यातच ठेवली. हे मला आवडलं. माशाला छातीशी धरून फोटो काढणारे लोक मला अजिबात सहन होत नाहीत. त्याचा जीव घुसमटतोय आणि तुम्ही दात काढताय. तर आजोबांनी पट्टी लावली. 18 इंच. "स्टीलहेड!" ते ओरडले. "लहान आहे, पण स्टीलहेड."

आता हे 18 इंच म्हणजे काय गंमत आहे बघा. कॅलिफोर्नियाच्या नियमात, समुद्राशी जोडलेल्या नदीतला 16 इंचांहून मोठा रेनबो म्हणजे स्टीलहेड. वॉशिंग्टनमध्ये तीच रेघ 20 इंचांवर. म्हणजे हाच मासा खाली दक्षिणेत स्टीलहेड आणि वर उत्तरेत ट्राउट! आणि आम्ही उभे मधल्या ओरेगनात.

अण्णा पाण्यात उकिडवे बसले. हात ओले केले, मासा जरा कलता केला आणि निवांत बघत राहिले. मग म्हणाले, "हो दर्याचो न्हय, न्हयचो."

मी सदाशिव पेठेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मालवणी पळत आलं की माझी तारांबळ उडते. मला दोनदा 'न्हय' ऐकू आलं. मी आजोबांना इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतायत, हा समुद्राचा नाही आणि... तोही नाही." आजोबा म्हणाले, "मग दुकानातून आणला का मी?"

अण्णा खवळले. समोरच्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "न्हय गो, न्हय! ही काय व्हावता मां!" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिलं न्हय म्हणजे नाही, दुसरं न्हय म्हणजे नदी.

मग त्यांनी बोटाने एकेक दाखवलं. अंगाच्या मधल्या रेघेखालीसुद्धा ठिपके, पार पोटाकडे उतरलेले. कल्ल्याच्या झाकणावर ठिपके. अंग आखूड आणि भरलेलं, पाठ शेवाळी. समुद्रावरून आलेला मासा लांबट, बंदुकीच्या गोळीसारखा असतो. पोट स्वच्छ पांढरं आणि ठिपके बहुतेक करून रेघेच्या वर. इथले लोक या नदीतल्या रहिवाशाला 'रेडसाइड' म्हणतात, कुशीवरच्या लाल पट्ट्यामुळे. पण रंगावर जाऊ नका. पुन्हा सांगते, नुसत्या रंगावर जाऊ नका. स्टीलहेडही नदीत काही महिने राहिला की चांदी उतरते आणि त्याच्याही कुशीवर गुलाबी चढते.

आजोबांनी शेपटीजवळचा छोटा मांसल पर पाहिला. तो शाबूत होता. सरकारी हॅचरीतल्या, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवण्याच्या केंद्रातल्या माशांचा हा पर सहसा पिल्लूपणीच कापतात. शाबूत असेल तर मासा बहुधा जंगली. आणि जंगली मासा आजोबा कधी घरी नेत नाहीत. त्यांनी जाळी तिरकी केली. मासा गेला.

अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं. कोटाच्या खिशात त्यांनी तिरफळांची पुडी आणली होती, मालवणहून.

घरी येताना मी दुकानात थांबून स्टीलहेडचा नारिंगी तुकडा घेतला, तेवढंच त्यांचं समाधान. अण्णांनी पाठीमागची चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली. शेतीतला मासा, कोलंबिया नदीवरच्या धरणाच्या जलाशयात पिंजऱ्यात वाढवलेला. नारिंगी रंग खाद्यातून येतो. "हेनापण दर्या बघूक नाय," अण्णा म्हणाले आणि तरी दोन तुकडे जास्त जेवले. ट्राउटला ओल्या खोबऱ्याचं वाटण लावू नये असं माझं ठाम मत आहे, ते चवीला मारून टाकतं. पण सासऱ्यांपुढे कोण बोलणार.

वेळ संपत आलाय, म्हणून शास्त्राचं पटकन. माशाच्या कानात एक खडा असतो, झाडाच्या खोडासारखा थराथराने वाढणारा. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त, ते त्या थरांत उतरतं. खड्याचा गाभा आईच्या अंड्यातून आलेल्या द्रव्याचा असतो, म्हणून आई समुद्रावर गेली होती का, तेही कळतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डेशूट्समधले खडे तपासले: स्टीलहेड सगळे स्टीलहेड आयांचे, रहिवासी सगळे रहिवासी आयांचे. पण कॅनडातल्या बाबीन नदीत सरमिसळ सापडली. तिथे घरकोंबड्या आईची पोरं समुद्रावर गेली होती आणि समुद्रावर जाऊन आलेल्या आईची नदीतच राहिली होती. हे सगळं कळायला मासा मारावा लागतो. अण्णांना लागला नाही.

दर सप्टेंबरात त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "तेची पोरा तरी गेली काय गो दर्यात?" मी या वर्षी त्यांना डेशूट्स आणि बाबीनचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मगे तेका थंय सोडूक व्हयो हुतो," म्हणाले, आणि फोन ठेवला.