गुरुजींची शुगर 'पास' झाली

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय डायलिसिस आणि इन्सुलिन. पण आधी गुरुजींची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय माझं पुढे सरकतच नाही.

हे गुरुजी म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. मधुमेह जुना, त्यातच किडन्या गेल्या आणि आठवड्यातून 3 वेळा डायलिसिस सुरू झालं. यायचे ते वही घेऊन. लाल शाईने आखलेले रकाने, त्यात रोजची उपाशीपोटीची शुगर. आधी 200 च्या घरातले आकडे दोनेक महिन्यांत 150, 120, 90 असे उतरत गेले. तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्टही झकास. मशीनवर पडल्या पडल्या गुरुजी सगळ्या खोलीला सांगायचे, "आपली शुगर पास झाली!" इन्सुलिन मात्र जुन्याच हिशेबाने, रात्री 24 युनिट. आणि मी वही नुसती चाळून परत दिली होती, हेही सांगतो.

एका पहाटे त्यांच्या पत्नीला जाग आली, तर गुरुजी अंथरुणात ताठ बसून वर्गाची हजेरी घेतायत. गळा-पाठ घामाने चिंब, सदऱ्याची बटणं एक काजं चुकवून लावलेली. "अहो, असं काय करताय?" तर म्हणाले, "मागच्या बाकावर गप्प बसा." बाईंनी त्यांचं बोट टोचलं. मीटरवर 46! गिळता येतंय ना एवढं पाहिलं आणि पाण्यात साखर ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं. फळांचा रस दिला नाही, कारण त्यातलं पोटॅशियम डायलिसिसवाल्याला झेपत नाही. हे त्या ऐकून होत्या, मी मात्र त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

झालं काय होतं? किडनी निकामी झाली की रक्तात विषारी द्रव्यं साठतात, रक्तातलं आम्ल वाढतं, आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. डायलिसिसने ती घाण उपसली की स्नायू पुन्हा दाद देऊ लागतात. डीफ्रॉन्झो नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्येच हे मोजून दाखवलं. पण टोचलेल्या इन्सुलिनचा मोठा वाटा मोडून टाकायचं काम किडनीचं, आणि ते मशीन करत नाही. म्हणजे, पुन्हा सांगतो, इन्सुलिनचा असर वाढला आणि मुक्कामही लांबलेलाच राहिला. तेच 24 युनिट आता जास्त झाले.

आणि तो झकास रिपोर्ट? तो तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून काढतात. डायलिसिसच्या पेशंटमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, शिवाय रक्तवाढीच्या इंजेक्शनांनी नव्या पेशी येत राहतात. त्यामुळे तो आकडा खोटाच कमी दिसू शकतो. बोट टोचून घेतलेल्या आकड्यांवर भिस्त ठेवा.

   

सगळ्यांचा डोस उतरतोच असं नाही. भूक परत आली की काहींचा वाढतो. पोटाच्या डायलिसिसमध्ये तर पोटात सोडायच्या पाण्यातच ग्लुकोज असतं आणि ते अंगात मुरतं, तिथे शुगर चढते. म्हणून डायलिसिस सुरू झालं की डोस नव्याने बसवून घ्या. नव्याने, जुना चिकटवू नका.

गुरुजींच्या वहीत आता एक रकाना वाढलाय: 'मशीनचा दिवस'. आणि दर सोमवारी ते माझी सही घेतल्याशिवाय वही मिटत नाहीत.