फुलस्टॉपनंतर दोन स्पेस

लातूरच्या ज्या क्लासात रेमिंग्टनचे टायपरायटर आता झाकून ठेवलेत, तिथंच मी इंग्लिश टायपिंग शिकलो, आणि सरांचा पहिला नियम आजबी बोटात बसलाय, फुलस्टॉप आला की स्पेसबार दोनदा. एकदाच मारला की चूक.

टायपरायटरवर आय असो का डब्ल्यू, प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, त्यामुळं वाक्य कुठं संपलं ते नजरेला लवकर सापडायचं नाही, म्हणून मोठी फट. कॉम्प्युटरवर अक्षरं आपापल्या रुंदीची झाली आणि दुसऱ्या स्पेसचं कामच राहिलं नाही. २०२० ला तर मायक्रोसॉफ्ट वर्ड दोन स्पेस दिल्या की चूक दाखवू लागलं. मला खरंच वाईट वाटलं, किती दिवस लागले होते ती सवय लावायला.

पण आपल्याच घरातले जुने मोडीचे कागद काढून बघा, आधी ओळ आखून घ्यायची आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची, दोन शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, काही नाही. तरी वाचणारे वाचायचेच. ही चिन्हं मराठीत इंग्रजीवरून आली, एकोणिसाव्या शतकात, मराठी शब्दकोशावर काम केलेल्या इंग्रज मेजर थॉमस कँडींमुळं. आणि इंग्रजीत तरी कुठं सगळं ठरलेलं होतं, जुन्या पुस्तकांत 'टु-डे' मधी आडवी रेघ देऊन छापलेलं सापडतं, आणि २००७ मध्ये शॉर्टर ऑक्सफर्ड डिक्शनरीनं जवळपास १६,००० शब्दांतली ती रेघ काढून टाकली.

आता फुलस्टॉपच्या टिंबाचं चाललंय. माझी भाची पुण्याला शिकायलीय, तिला मी मेसेज केला, 'ओके.' लगेच फोन, "मामा, रागावलात का हो?" मला कळंना काय झालं ते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांना असेच मेसेज वाचायला दिले, तर एका शब्दाच्या उत्तरापुढं टिंब असलं की ते कमी मनापासूनचं वाटलं, हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसा फरक पडला नाही. मला वाटतं, मेसेज पाठवला की वाक्य तसंच संपतं, मग वरून दिलेलं टिंब आवाज चढवल्यासारखं वाटतं.

भाचीला आता टिंबाशिवायच पाठवतो. बँकेच्या अर्जात मात्र देतोच, आणि पुढं स्पेस एकच.