जपानला पहिल्यांदा जाताना: उंबरठा, चॉपस्टिक्स आणि दाशी

नमस्कार. जपानच्या पहिल्या प्रवासाआधी तिथल्या शिष्टाचारांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा त्यांतील काही रीतींमागचे कारण समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. कारण कळले की ऐन वेळी काय करावे हे आपोआप सुचते.

सुरुवात दारापासून करू. जपानी घराच्या दाराशी ‘गेन्कान’ नावाची थोडी सखल जागा असते. तिथेच बूट काढायचे, त्यांची टोके दाराकडे वळवून ठेवायची आणि मगच वरच्या पायरीवर पाय ठेवायचा. बाहेरची धूळ आत येऊ नये, ही त्यामागची भावना आपल्याला नवी नाही. मात्र आत दिलेल्या सपाता तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या खोलीत शिरताना काढाव्या लागतात, आणि शौचालयासाठी ठेवलेल्या वेगळ्या सपाता तिथेच सोडून यायच्या असतात. नवखे पाहुणे नेमके हेच विसरतात.

जेवताना भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक्स कधीही उभ्या रोवू नका, कारण मृताच्या उशाशी ठेवलेल्या भातात त्या तशा रोवतात. त्याचप्रमाणे एकाच्या चॉपस्टिक्समधला घास दुसऱ्याने आपल्या चॉपस्टिक्सने थेट घेऊ नये. दहनानंतर नातेवाईक चॉपस्टिक्सनेच अस्थी वेचतात, तो प्रसंग त्यातून आठवतो. अस्थिसंचय आणि पिंडदान पाहिलेल्या मराठी माणसाला यातला अशुभाचा भाव अधिक समजावून सांगावा लागणार नाही. घास द्यायचाच असेल तर तो समोरच्याच्या ताटलीत ठेवावा.

ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याचे स्नान, घ्यायचे असेल तर आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे आणि मगच कुंडात उतरावे. ते पाणी सर्वांचे असते, म्हणून साबण, मोकळे केस आणि टॉवेल यांपैकी काहीही त्यात जाऊ देऊ नये. सर्वसाधारणपणे पोहण्याचे कपडेही चालत नाहीत; पुरुष आणि स्त्रिया यांची व्यवस्था बहुधा वेगळी असते. अंगावर गोंदण असेल तर प्रवेश मिळेल की नाही, हे आधीच विचारून घ्यावे.

रेल्वेत फोनवर बोलू नये, हॉटेलात टिप देऊ नये आणि कचऱ्यासाठी एक पिशवी सोबत ठेवावी. 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत झालेल्या सरिन वायूच्या हल्ल्यानंतर अनेक ठिकाणच्या कचरापेट्या काढून टाकण्यात आल्या, त्यामुळे पेटी शोधत फिरण्यापेक्षा कचरा मुक्कामी आणणेच सोयीचे.

शाकाहारी प्रवाशांनी मात्र पुढचा भाग नीट ऐकावा. मिसो सूप, उदोन आणि सोबा या नूडल्स, इतकेच काय, शिजवलेल्या भाज्यांतही बहुधा ‘दाशी’ म्हणजे चवीसाठीचा पातळ अर्क असतो, आणि तो अनेकदा सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या कापांपासून केलेला असतो. मांसासाठीच्या ‘निकु’ या जपानी शब्दात मासे येत नाहीत, त्यामुळे केवळ मांस नको म्हटल्याने भागत नाही. ‘साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन’, म्हणजे माशाची दाशीही मला चालत नाही, हे वाक्य जपानी लिपीत लिहून घेऊन खिशात ठेवा.

खात्रीचे शाकाहारी जेवण हवे असेल, तर वाकायामा प्रांतातील कोयासान या बौद्ध तीर्थस्थानी एक रात्र अवश्य काढा. कूकाई या भिक्षूने नवव्या शतकात वसवलेल्या या पर्वतावर अनेक मंदिरांत मुक्काम करता येतो आणि ‘शोजिन र्‍योरी’ हे मांस-मासे वर्ज्य असलेले जेवण मिळते, ज्यात कांदा-लसूणही परंपरेने टाळतात. येथील कोयासान विद्यापीठात 2015 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आहे. मराठी माणसाने तिथे जाऊन अभिवादन करावे, असे मला वाटते. मंदिरांत रात्रीचे जेवण लवकर असते आणि भिक्षूंची प्रार्थना पहाटे होते, त्यामुळे दुपार कलण्याआधीच तिथे पोहोचावे.