विमानातली सीट नादुरुस्त निघाली तर : दार बंद होण्याआधी काय करावे

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मी आईला घेऊन पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. तिला खिडकी आवडते म्हणून जादा पैसे भरून ती जागा घेतली होती. आई बसली, थोडी पुढे सरकली, पुन्हा मागे टेकली आणि पुन्हा पुढे सरकली. विचारले तर म्हणाली, "काही नाही रे, दोन तासांचा तर प्रश्न आहे." मी गादीखाली हात घातला. गादी खालच्या सांगाड्याला धरून ठेवणारी व्हेल्क्रोची पट्टी सुटलेली होती, आतला फोम पार बसलेला होता आणि बोटांना थेट धातूचा आडवा दांडा लागत होता. मी केबिन क्रूला बोलावले तोवर विमानाचे दार बंद झाले होते आणि एकही सीट रिकामी नव्हती. मी आईला माझ्या जागेवर बसवले आणि त्या दांड्यावर मी बसलो. उतरताना कर्मचाऱ्यांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली. चार दिवसांनी मी कंपनीला तक्रार लिहिली, तेव्हा उत्तर आले की त्या दिवशी त्या विमानात अशा बिघाडाची कोणतीही नोंद आढळत नाही.

आजचा व्हिडिओ त्या एका शब्दासाठी आहे : नोंद. सीट मोडलेली आहे हे तुम्हाला ठाऊक असते, शेजाऱ्याला दिसत असते, कर्मचाऱ्यांनी मान्यही केलेले असते. पण तो बिघाड विमानाच्या वहीत उतरला नाही, तर विमान कंपनीच्या लेखी तो घडलेलाच नसतो.

आधी एक समजून घेऊ. सीटचे सगळे बिघाड एका मापाचे नसतात. समोरचा पडदा चालत नाही, चार्जिंग होत नाही, जेवणाचा ट्रे एका बाजूला कलतो, हा गैरसोयीचा भाग झाला. पाठ, पट्टा आणि पाया या तीन गोष्टींतला बिघाड मात्र सुरक्षेचा असतो. हातावरचे बटण दाबल्यावर पाठ मागे जाते, कारण ते बटण एका तारेने सीटखालच्या छोट्या द्रवदाबाच्या नळकांड्याचा अडसर सोडते. बटण सोडले की अडसर पुन्हा बसतो आणि पाठ तिथेच थांबते. हे नळकांडे निकामी झाले की पाठ सरळ राहतच नाही, टेकले की मागे जाते. उड्डाण आणि उतरणीच्या वेळी पाठ सरळ ठेवायला सांगतात, ते मागच्या माणसाला घाईत बाहेर पडता यावे आणि धक्का बसल्यास त्याचे डोके कशावर आपटेल याचा हिशेब बिघडू नये म्हणून. त्यामुळे मागे पडणाऱ्या पाठीच्या सीटवर "उतरताना जरा पुढे होऊन बसा" हा उपाय होऊ शकत नाही.

पायाचा बिघाड त्याहून गंभीर. विमानाच्या जमिनीत लांबलचक धातूच्या रुळपट्ट्या असतात आणि सीटचे पाय त्यांत अडकवून पक्के केलेले असतात. आधुनिक प्रवासी विमानांच्या सीटला गुरुत्वाच्या 16 पट इतका पुढच्या दिशेचा झटका सोसावा लागतो. अमेरिकेत तर 27 ऑक्टोबर 2009 नंतर तयार झालेल्या मोठ्या प्रवासी विमानांना अशाच सीट बसवणे सक्तीचे आहे. ही सगळी ताकद शेवटी त्या पायांच्या पकडीवर अवलंबून असते. 2012 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या बोईंग 757 विमानांत उड्डाणादरम्यान सीटच्या रांगा सुटण्याचे प्रकार घडले होते. कंपनीने तपासाअंती सांगितले की पायांचा खटका नीट बसत नव्हता आणि त्याला वर्षानुवर्षे सांडलेल्या कॉफी-सोड्याचा चिकट थरही कारणीभूत होता. म्हणून बसल्यावर संपूर्ण सीट, म्हणजे नुसती पाठ नव्हे तर बूड, पुढेमागे किंवा डावीउजवीकडे हलत असेल, तर संकोच न करता लगेच सांगा.

काही गोष्टी मात्र बिघाड वाटतात, पण नसतात. आणीबाणीच्या दाराच्या पुढची रांग आणि बऱ्याच विमानांतली शेवटची रांग मुद्दामच मागे झुकत नाही. काही कंपन्यांच्या सीट तर मुळातच एका कोनात पक्क्या असतात. तिथे वाद घालून उपयोग नाही.

आता नियम काय म्हणतो? प्रत्येक विमान कंपनीकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने मंजूर केलेली एक यादी असते. कोणती वस्तू बंद असताना, कोणत्या अटींवर आणि किती दिवस विमान उडवता येईल, हे त्या यादीत लिहिलेले असते. तिच्यातले काही बिघाड 3 दिवसांत, काही 10 दिवसांत, तर काही 120 दिवसांत दुरुस्त करायचे असतात. सीट बसण्यायोग्य नसेल तर ती रिकामी ठेवून, तिच्यावर 'बसू नये' अशी सूचना लावून विमान नेता येते. मात्र त्या सीटमुळे आणीबाणीच्या दाराची किंवा मधल्या मार्गिकेची वाट अडता कामा नये. फक्त पाठ झुकत नसेल आणि ती सरळ स्थितीत पक्की केलेली असेल, तर तिथे प्रवासी बसू शकतो. म्हणजे मोडकी सीट असलेले विमान उडणे हा प्रत्येक वेळी नियमभंग नसतो. मोडकी सीट विकून तिच्यावर माणूस बसवणे हा खरा प्रश्न आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान भोपाळहून दिल्लीला एअर इंडियाच्या विमानाने निघाले, तेव्हा त्यांना मिळालेली 8सी ही सीट मोडलेली आणि खचलेली होती. त्यांनी जाहीरपणे लिहिले की, विचारल्यावर कर्मचाऱ्यांनी सांगितले, ही सीट चांगली नाही आणि हिचे तिकीट विकू नये, असे व्यवस्थापनाला आधीच कळवले होते. सहप्रवाशांनी आपली जागा देऊ केली, पण माझ्यासाठी दुसऱ्याला त्रास कशाला, म्हणून ते तिथेच बसले. कंपनीने क्षमा मागितली. मला या प्रसंगातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते : सीट खराब असल्याचे विमानातल्या माणसांना माहीत होते आणि तरीही तिकीट विकले गेले. अशा वेळी आधीची लेखी नोंद असेल, तर 'आम्हाला कल्पना नव्हती' असे म्हणायला कंपनीला जागा उरत नाही.

तर मग नेमके काय करायचे? सामान वर ठेवण्याआधी बसून पाहा. पट्टा लावा, ओढा, सोडा. पाठ सरळ ठेवून जोरात टेका. गादी हाताने दाबून पाहा. सीटखाली जीवरक्षक जाकिटाची पिशवी जागेवर आहे का, तेही वाकून पाहा; या सगळ्याला एक मिनिटही लागत नाही. काही चुकीचे वाटले तर दार बंद होण्याआधी सांगा, कारण तोवर जमिनीवरचा अभियंता येऊ शकतो, सुटलेली गादी बदलू शकतो, रिकाम्या सीटची यादीही हाताशी असते. दार बंद झाल्यावर कर्मचाऱ्यांच्या हातात फारसे काही उरत नाही.

सांगताना आवाज चढवू नका. समोरच्या मुलीने ती सीट बनवलेली नसते आणि विकलेलीही नसते. शिवाय, शाब्दिक गैरवर्तनासाठीही 3 महिन्यांपर्यंत विमानबंदी होऊ शकते, हे ध्यानात असू द्या. शांतपणे दोन वाक्ये बोला : "या सीटची पाठ सरळ राहत नाही. कृपया मला दुसरी जागा द्या आणि हा बिघाड केबिनच्या नोंदवहीत लिहून घ्या." यातले दुसरे वाक्य बहुतेक लोक बोलत नाहीत. मीही बोललो नव्हतो. दुसरी जागा मिळाली की आपण सुटलो असे वाटते, पण नोंद झाली नाही तर पुढच्या फेरीत त्याच दांड्यावर दुसऱ्या कुणाची तरी आई बसते.

कोल्हापूर किंवा जळगावला येणाऱ्या एटीआरसारख्या लहान विमानात उड्डाणाआधी जागा बदलायला कधी कधी नकार मिळतो. तिथे कोण कुठे बसले आहे यावर विमानाचा तोल मोजलेला असतो, म्हणून तो नकार मान्य करा. मात्र सुरक्षेचा बिघाड असेल तर त्या सीटवर बसून उड्डाण करायला तुम्हीही नम्रपणे नकार द्या आणि निर्णय कॅप्टनपर्यंत न्यायला सांगा.

फोटो घ्या, पण सीटचे. बोर्डिंग पास आणि बिघाड एकाच चौकटीत येऊ द्या, म्हणजे क्रमांक आणि तारीख आपोआप सिद्ध होते. कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नका आणि लोहगावसारख्या हवाई दलाच्या विमानतळावर खिडकीबाहेरचे चित्रण अजिबात करू नका.

आता पैशांचे. बिझनेस क्लासची सीट खराब म्हणून तुम्हाला तुमच्या इच्छेविरुद्ध खालच्या श्रेणीत बसवले, तर फेब्रुवारी 2023 पासून नियम स्पष्ट आहे : देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या 75 टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात 1500 किलोमीटरपर्यंत 30 टक्के, 3500 पर्यंत 50 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के. इकॉनॉमीत मोडक्या सीटवर बसून प्रवास केला, तर मात्र असा कोणताही ठरलेला दर नाही. तिथे जागेसाठी भरलेले जादा शुल्क परत मागायचे आणि त्रासाबद्दल भरपाई मागायची.

ती मिळते का? पुढे तेलंगणचे पोलीस महासंचालक झालेले रवी गुप्ता आणि त्यांच्या पत्नी मे 2023 मध्ये सिंगापूर एअरलाइन्सच्या बिझनेस क्लासने हैदराबादहून सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला गेले. पहिल्याच टप्प्यात सीट मागे नेणारी विजेवरची यंत्रणा बंद होती. कंपनीने प्रत्येकी 10,000 मैलांचे गुण, म्हणजे पुढच्या प्रवासात वापरता येणारे गुण, देऊ केले. दांपत्याने ते नाकारले आणि हैदराबादच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेले. 2024 मध्ये आयोगाने प्रत्येकी 48,750 रुपये व्याजासह परत करण्याचा आणि त्याशिवाय 1 लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तेव्हा विमानातच दिलेले कूपन किंवा गुण घेण्याआधी, 'यापुढे कोणताही दावा राहणार नाही' असे कुठे लिहिले आहे का, ते वाचा.

तक्रारीचा क्रम सोपा आहे. आधी कंपनीला ईमेल, समाधान झाले नाही तर तिच्या अपील अधिकाऱ्याकडे, मग केंद्र सरकारच्या एअरसेवा संकेतस्थळावर, आणि मार्गदर्शनासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. ग्राहक आयोगात जायला 2 वर्षांची मुदत असते, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो आणि तिकिटाची रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

ईमेल लांब नको. "अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या विमानात, 14ए या सीटची गादी सुटलेली होती व खालचा दांडा टोचत होता. दार बंद होण्याआधी मी केबिन क्रूला सांगितले आणि नोंद करण्याची विनंती केली. त्या नोंदीची तारीख आणि त्यावर झालेली दुरुस्ती मला लेखी कळवावी." हे शेवटचे वाक्य भरपाईच्या मागणीच्याही वर लिहा.